श्रद्धांजली उद्या वाहिली तरी चालेल

१५ डिसेंबर २०२४, रविवारची रात्र. जेवणं उरकून फोन हातात घेतला, तर आमच्या संगीत मंडळाच्या ग्रुपवर झाकीर हुसेन गेलेले होते. काळ्या चौकटीतला फोटो, कोपऱ्यात दोन पणत्या, 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली एकामागून एक जोडलेले हात. थोड्या वेळाने झाकीरभाई परत आले. घरच्यांनी कळवलं होतं की प्रकृती फार गंभीर आहे, पण श्वास चालू आहे. कृपा करून अफवा पसरवू नका, प्रार्थना करा. ज्यांनी पणत्या लावल्या होत्या त्यांनी त्या गुपचूप विझवल्या, म्हणजे मेसेज डिलीट केले. ग्रुपवर बारा-पंधरा रिकाम्या चौकोनांची रांग उरली. सकाळी उठलो तेव्हा बातमी खरी ठरली होती. तोच फोटो, त्याच पणत्या, तेच हात पुन्हा हजर. फॉरवर्ड करायचा मजकूर तयारच होता, वाया गेला नाही.

विक्रम गोखल्यांचंही असंच झालं होतं. नोव्हेंबर २०२२मध्ये ते पुण्यात रुग्णालयात असताना त्यांच्या निधनाची बातमी देशभर फिरली, नावाजलेल्या नटांनी शोक व्यक्त केला आणि घरच्यांना, दुःख आवरून, 'ते अजून आहेत' असं सांगावं लागलं. ते गेले २६ तारखेला. धर्मेंद्र यांना तर नोव्हेंबर २०२५मध्ये वाहिन्यांनी जवळजवळ दोन आठवडे आधीच निरोप देऊन टाकला. हे अक्षम्य आहे, असं हेमा मालिनींनी जाहीरपणे म्हटलं. दोन दिवस सगळे ओशाळले, तिसऱ्या दिवशी विसरले. धर्मेंद्र २४ नोव्हेंबरला गेले. असरानींनी मात्र त्याच्या महिनाभर आधी सगळ्यांना चकवलं. आपल्या जाण्याचा गाजावाजा नको अशी त्यांची इच्छा होती. ऐन दिवाळीत, २० ऑक्टोबरला ते गेले आणि अंत्यसंस्कार उरकल्यावरच जगाला कळलं. जन्मभर टायमिंगवर जगलेल्या नटाने शेवटचं टायमिंगही कुणाच्या हाती जाऊ दिलं नाही.

अफवा वाईट, हे सांगायला लेख लागत नाही. माझी तक्रार खऱ्या बातमीनंतरच्या पहिल्या तासाबद्दल आहे. कलावंत गेला की तासाभरात आपण काहीतरी म्हटलंच पाहिजे, ही सक्ती आपल्यावर कुणी केली? आपल्याकडे माणूस गेला तर दहावं होतं, तेरावं होतं, मग वर्षश्राद्ध. शोकाला दिवस लागतात हे आजी-आजोबांना ठाऊक होतं. आणि गाण्याबजावण्याच्या जगात तर स्मरणाची जागा फार पूर्वीपासून ठरलेली आहे. ती मृत्यूच्या दिवशी नसते, त्याच्या पुण्यतिथीला असते. मुसलमान उस्तादांच्या घरात बरसी. माझं म्हणणं एवढंच आहे की कलावंताची आठवण काढायची असेल तर पहिल्या तासाचा नाद सोडून पहिल्या वर्षाचा धरावा.

पहिल्या तासाची भाषाच बघा. 'एका युगाचा अंत' होतो. 'कधीही भरून न निघणारी पोकळी' निर्माण होते. कलाकार 'काळाच्या पडद्याआड' जातो, नाहीतर 'चटका लावणारी एक्झिट' घेतो. गायक असेल तर आता स्वर्गात मैफल रंगली असणार, विनोदी नट असेल तर देवाला हसवायला बोलावून घेतलेलं असणार. माझी एक साधी चाचणी आहे. श्रद्धांजलीतलं नाव अंगठ्याने झाकायचं आणि उरलेल्या मजकुरावरून कोण गेलं ते ओळखायचं. दहातल्या नऊ वेळा गायक की क्रिकेटपटू, एवढंसुद्धा सांगता येत नाही. चौकातल्या फ्लेक्सवर तेही झाकायची गरज नाही. मधोमध गेलेल्या माणसाचा चेहरा आणि खाली गॉगल लावलेले आठ-दहा भावी नगरसेवक. श्रद्धांजली नेमकी कोणाची हे लांबून कळत नाही.

१० डिसेंबर २०२२ रोजी लावणीगायिका सुलोचना चव्हाण गेल्या. आमच्या ग्रुपवर फोटो आला तो सुलोचनादीदींचा, सिनेमातल्या आईचा. दीदी त्या दिवशी हयात होत्या. त्या गेल्या पुढच्या वर्षी, ४ जूनला. पण पंचवीसएक जणांनी त्या फोटोला हात जोडले. फोटोकडे एकानेही पाहिलं नव्हतं. हे लोक अडाणी नाहीत. त्यात संगीत विशारद आहेत, निवृत्त प्राध्यापक आहेत, हार्मोनियम वाजवणारे एक डॉक्टर आहेत. (मीही त्या पंचवीसातला एक. हे लपवून लेख लिहिला असता, पण ग्रुपवरचे वाचतील.)

आता सुलोचनाबाईंबद्दल सांगण्यासारखं किती होतं! लावणी म्हणायला त्या दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन उभ्या राहत. हातवारे नाहीत, नजर खेळवणं नाही. लावणीचा सगळा तिखटपणा शब्दाच्या फेकीतून. शब्द कुठे दाबायचा, कुठे झटकन सोडायचा, हे आपल्या पतीने, श्यामराव चव्हाणांनी घोटून घेतलं असं त्या सांगत. आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं. ज्या घरांत तमाशाचं नाव काढलं तर वडीलधारे डोळे वटारत, त्याच घरांतल्या रेडिओवर या बाईंचा आवाज बिनदिक्कत चालत असे. हे त्यांनी कसं साधलं? पदराने की गळ्याने? आणि त्या प्रतिष्ठेची किंमत, खऱ्या फडावर नाचणाऱ्या बायकांना मोजावी लागली का? या प्रश्नांची उत्तरं शोधायची तर आठवडाभर त्यांच्या लावण्या पुन्हा ऐकायला लागतील, फडावरच्या गायिकांशेजारी ठेवून ऐकायला लागतील. तासाभरात जे होतं ते चुकीचा फोटो टाकण्यापुरतंच.

उलट बाजूही आहे. पहिल्या तासाला जागा नसेल तर माणूस दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. नोव्हेंबर २०२४च्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईत सारंगीवादक पंडित रामनारायण गेले. शहाण्णव वर्षांचे होते. महाराष्ट्रात विधानसभेची रणधुमाळी चालू होती आणि ती बातमी तिकिटं, बंडखोरी, सभा यांच्या धुरळ्यात कुठल्या कुठे गेली. सारंगी म्हणजे गायिकेच्या मागे बसून वाजवायचं वाद्य, कोठ्यावरचं वाद्य. १९४९मध्ये मुंबईला आलेल्या या माणसाने ते पुढे आणून एकट्याचं केलं, जगभर नेलं. आणि दैव कसं बघा. मोठा पुढारी गेला की रेडिओवर दिवसभर सारंगी लावायची आपल्याकडे रीत होती. माझ्या पिढीच्या कानात सारंगीचा सूर आणि सरकारी दुखवटा यांची गाठ अशी पक्की बसली की अजून मैफलीत सारंगी सुरू झाली की शेजारचा हळूच विचारतो, कोण गेलं? या वाद्याला त्या सुतकातून बाहेर काढण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या सुतकाला आपल्याकडे वेळ नव्हता. पाच आठवड्यांनी झाकीरभाई गेले तेव्हा निवडणूक संपलेली होती.

म्हणजे पहिल्या तासाचं स्मरण हे त्या दिवशी दुसरं काय चाललंय यावर अवलंबून. पुण्यतिथीचं तसं नसतं. ती दर वर्षी येते, निवडणूक असो नसो.

सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, १२ सप्टेंबर १९५२ रोजी पुण्यात गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या शिष्यांनी पुण्यतिथीला गाणं ठेवलं, त्यात भीमसेन जोशी पुढे होते. त्या एका पुण्यतिथीचा आजचा महोत्सव झाला. भारतातले कितीतरी मोठे गवई त्या मांडवात पहिल्यांदा हजारोंसमोर बसले आणि तिथून नावारूपाला आले. रामभाऊंना प्रत्यक्ष ऐकलेला श्रोता आज मांडवात मिळणं कठीण. तरीही शेवटी, सगळं गाणंबजावणं संपल्यावर, त्यांची भैरवीतली ठुमरी ध्वनिमुद्रिकेवरून लावतात. तीन-साडेतीन मिनिटांची जुनी तबकडी, खरखर सुद्धा तशीच. त्याआधी कित्येक वर्षं समारोप भीमसेन करत, नंतर प्रभाताई अत्रे करत. आता दोघेही नाहीत. भीमसेनांचं नाव महोत्सवाच्या नावात जोडलं गेलं. 'पोकळी' हा शब्द तिथे कुणी वापरत नाही, कारण मंचावर कुणीतरी गात असतं.

तिकडे मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब. हे सवाई गंधर्वांचे गुरू. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत, पाँडिचेरीच्या वाटेवर, रेल्वे स्टेशनवर त्यांनी देह ठेवला. दफन मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या नावाने गाणं होतं. तिथे बिदागीचा हिशेब मांडून कुणी येत नाही. मोठे लोक येतात, हजेरी लावतात, जातात. गावातले तंबोरे बनवणारे कारागीर पुढे बसून ऐकतात, आणि त्यांची मान हलली नाही तर गवयाला घाम फुटतो.

आणि स्वतः झाकीरभाई. त्यांचे वडील उस्ताद अल्लारखा ३ फेब्रुवारी २०००ला गेले. त्यानंतर दर ३ फेब्रुवारीला मुंबईत षण्मुखानंद सभागृहात झाकीरभाई अब्बाजींची बरसी करत. सकाळपासून रात्रीपर्यंत नुसतं वाजवणं आणि ऐकणं. पखवाजवाले, मृदंगमवाले, ढोलकीवाले, परदेशातले ड्रमवाले, आणि ज्यांचं नाव कुणी ऐकलेलं नाही अशी पोरंसुद्धा. जगभरातल्या तारखा सांभाळणारा हा माणूस, पण ३ फेब्रुवारी बापासाठी राखलेली. मी दोनदा गेलो होतो. त्या दिवसात 'अब्बाजी किती थोर होते' असं सांगणारी भाषणं मला आठवत नाहीत. अब्बाजींचा एखादा तुकडा कोवळ्या हाताने वाजवला आणि समेवर आल्यावर झाकीरभाईंनी हसून मान डोलावली, हे आठवतं.

ज्याने वडिलांना असं आठवलं, त्याला आपण पणत्यांच्या स्टिकरने आठवलं. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं दफन झालं तेव्हा थोड्या अंतरावर उभं राहून शिवमणी आणि आणखी काही वादकांनी वाजवून निरोप दिला, असं वाचलं. त्यांना बरोबर कळलं होतं.

आता इथे माझी मावशी मध्ये येते. मावशी कोकणातल्या एका गावात राहते. तिने झाकीर हुसेन यांची एकही मैफल ऐकलेली नाही. तिला माहीत आहे ती चहाची जाहिरात, ताजमहालापुढे कुरळे केस उडवत तबला वाजवणारा तो देखणा मुलगा. १६ डिसेंबरला सकाळी ती फोनवर खरोखर रडली. तिने पणत्यांचा फोटो पुढे पाठवला असेल तर मी तिला काय सांगणार, की मावशी, तीनताल येत नसेल तर शोक करू नकोस? तिचं दुःख अस्सल होतं. तरुणपणीचं काहीतरी तिच्या हातून सुटलं होतं. तेव्हा घाईची सगळी श्रद्धांजली खोटी असते असं मी म्हणत नाही. मावशीने फोटो पाठवावा. माझा आक्षेप आहे तो ज्यांना जास्त काही करता आलं असतं आणि ज्यांनी फोटोवर भागवलं त्यांच्यावर: संपादक, वाहिन्या, सांस्कृतिक खातं, संगीत मंडळं. वर्तमानपत्रांत पूर्वी वयोवृद्ध कलावंतांवरचे लेख आधीच लिहून ठेवलेले असत. लोकांना ते निर्दय वाटतं. मला वाटतं त्यात आदर होता, कारण कुणीतरी तो माणूस जिवंत असताना शांतपणे बसून त्याच्या कामाचा विचार केलेला असे.

बरसीला काय लागतं हे आम्हाला ठाऊक आहे, कारण आमचं छोटं मंडळ दर फेब्रुवारीत मास्तरांची पुण्यतिथी करतं. मास्तर म्हणजे आमच्या गावात चाळीस वर्षं तबला शिकवणारे एक गृहस्थ. त्यांचं नाव गावाबाहेर कुणाला माहीत नाही. शाळेचा हॉल, सतरंज्या, साउंडवाला, बाहेरून येणाऱ्या कलाकाराचं पाकीट आणि येण्याजाण्याचा खर्च, पोहे, चहा. वर्गणी दर वर्षी कमी पडते आणि दर वर्षी कुठूनतरी भरून निघते. पण खरा खर्च पैशाचा नसतो. जानेवारी लागला की मास्तरांचा एक शिष्य, जो एसटीत कंडक्टर आहे, दुसऱ्याला फोन करतो, जो पतपेढीत आहे: अरे, मास्तरांच्या त्या कायद्याचा तिसरा पलटा कसा होता? (कायदा म्हणजे तबल्यातली एक बांधलेली रचना, पलटा म्हणजे तिच्यातल्या बोलांची फिरवाफिरव.) दुसऱ्यालाही आठवत नसतो. मग दोघं मिळून तिसऱ्याच्या घरी जातात, वहीतून बोल शोधतात, वहीत मास्तरांच्या अक्षरात एक मात्रा खोडलेली सापडते, त्यावर तासभर वाद होतो. माझ्या लेखी स्मरण ते. कार्यक्रम हा त्याचा फक्त निमित्तमात्र शेवट.

तेही नेहमी गोड नसतं. एका वर्षी वर्गणीच्या बदल्यात एका पाहुण्यांना मंचावर बसवलं. त्यांनी पस्तीस मिनिटं भाषण केलं, मास्तरांना भाषणभर 'पेटी मास्तर' म्हणाले, आणि पहिल्या तिहाईला उठून गेले. पुण्यतिथीचा इव्हेंट व्हायला वेळ लागत नाही. मोठ्या महोत्सवांत मंचामागच्या पडद्यावर ज्यांच्या स्मरणार्थ जमलो त्यांच्यापेक्षा प्रायोजकांची नावं ठळक असतात. त्यामुळे बरसी म्हणजे सगळं पवित्र, असा माझा भ्रम नाही. फरक एवढाच की बरसीत वाईट गाणं झालं तर ते वाईट झालं हे ऐकणाऱ्यांना कळतं. श्रद्धांजलीचा फोटो कधीच बेसूर होत नाही.

मोठा आक्षेप दुसराच आहे. बरसी कुणाची होते? ज्याला घराणं आहे, शिष्य आहेत, सभागृह भरवणारा मुलगा आहे त्याची. मग ज्यांचं यातलं काहीच नाही त्यांचं काय?

तमाशाकडे बघू. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर १५ जानेवारी २००२ रोजी गेल्या. दोनदा राष्ट्रपती पदक मिळालेली ही बाई अखेरच्या काळात पैशाच्या अडचणीत होती आणि रुग्णालयाचं बिल लोकांनी दिलेल्या मदतीतून भागलं, हे महाराष्ट्राला माहीत आहे. नंतर २००६पासून सरकारने त्यांच्या नावाने तमाशातला जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. चांगलं केलं, तो पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांनी तो घाम गाळून मिळवलेला आहे. पण विठाबाई आपण आठवतो त्या कशा? प्रत्येक लेखात, प्रत्येक भाषणात एकच प्रसंग: ऐन खेळात कळा सुरू झाल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. हा प्रसंग घडला आणि तो अंगावर काटा आणणारा आहेच. पण तो त्यांच्या सोसण्याचा प्रसंग आहे, कलेचा नाही. त्या कोणत्या पट्टीत गात, गण-गवळणीनंतर वगात शिरताना आवाज कसा बदलत, सवाल-जवाबात समोरच्याला कसं घेरत, हे सांगणारा माणूस दहा भाषणांत एक मिळत नाही. शास्त्रीय गवई गेला की आपण त्याची गायकी सांगतो. तमासगीर बाई गेली की तिची बाळंतपणं आणि तिचं दारिद्र्य सांगतो. यात जात आहे, यात बाईपण आहे, आणि ते आपण करुणेच्या नावाखाली झाकून टाकतो.

खुद्द तमाशाने मात्र स्वतःची रीत काढलेली आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला जा. फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, गावोगावचे पंच जत्रेची सुपारी ठरवायला आलेले असतात. राहुटीवरची आणि ट्रकवरची नावं वाचा. 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर'. कांताबाई २०२१च्या मे महिन्यात गेल्या, पण नाव बोर्डावर मुलाच्या शेजारी. 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर', म्हणजे विठाबाईंचे वडील आणि चुलते. फडाचं नाव हीच वंशावळ. ते नाव घेऊन ट्रक गावोगाव फिरतो, चिखलात रुततो, त्या नावावर शिट्ट्या पडतात, कधी दगडही पडतात. महिनोन् महिने, रोज एका नव्या गावात, मेलेल्या माणसाचं नाव लाउडस्पीकरवरून पुकारलं जातं. एवढी राबती श्रद्धांजली दुसरी कुठे आहे मला सांगा.

दुसरे बिननावाचे लोक म्हणजे सिनेमासंगीतातले वादक. मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारे, स्वरलेखन करणारे, वाद्यमेळ रचणारे किती गोंयकार होते! तबकडीवर त्यांचं नाव नसे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यातले एक. त्यांचा व्हायोलिनचा शिष्य प्यारेलाल पुढे संगीतकार झाला आणि १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये त्याने गुरूचं अख्खं नाव एका धमाल गाण्याच्या तोंडी बसवून टाकलं. देशाने ते नाव पाठ केलं आणि ते एका खऱ्या वादकाचं आहे हे देशाला कळलंच नाही. गोन्साल्विस २०१२च्या जानेवारीत गोव्यात गेले. तरी त्यांचं निदान नाव तरी उरलं, तेही जिवंतपणी घेतलं गेलं. त्यांच्याबरोबर त्याच खोलीत बसून वाजवणाऱ्या पन्नास जणांचं तेवढंही नाही.

इथे सरकारने यावं असं मला वाटतं, पण पुतळा घेऊन नको. फेब्रुवारी २०२२मध्ये लतादीदींना जाऊन आठवडा उलटला नव्हता तोच शिवाजी पार्कात स्मारक व्हावं की नाही यावर पक्ष एकमेकांवर तुटून पडले. शेवटी हृदयनाथ मंगेशकरांना सांगावं लागलं की हे राजकारण थांबवा, मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरातलं संगीत विद्यालय हेच दीदींचं स्मारक ठरेल. शोकात असलेल्या भावाला जे सुचलं ते पुढाऱ्यांना सुचलं नाही. गाणाऱ्या बाईच्या नावाने गाणं शिकवा, इतकी साधी गोष्ट.

सरकारजवळ एक वस्तू आहे जी आणखी कुणाजवळ नाही. आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या कपाटांतली ध्वनिमुद्रणं. सांगली, रत्नागिरी, जळगाव, परभणी अशा केंद्रांवर किती शाहीर, भारूडकरी, सोंगाडे, ढोलकीवाले येऊन वाजवून-गाऊन गेले असतील. प्रसार भारती त्यातलं काही यूट्यूबवर टाकते. तेही बहुतेक मोठ्या नावांचं. माझी मागणी अशी: कलावंत गेला की त्याच्या पहिल्या पुण्यतिथीपर्यंत, म्हणजे वर्षभर हातात असताना, त्याचं किंवा तिचं त्या केंद्रावरचं काम शोधावं, साफ करावं, साथीदारांच्या नावांसकट लोकांसाठी खुलं करावं. कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षं राहतो, सादर करणाऱ्याचा पन्नास वर्षं. वारसांना विचारा, त्यांचे पैसे द्या. ढोलकीवाल्याच्या नातवाला आजोबांच्या थापेचे चार पैसे मिळाले, तर तो शोकसंदेशापेक्षा नक्कीच मोठा सन्मान आहे. शासकीय इतमामातल्या बंदुकीच्या फैरींचा खर्च किती येतो मला माहीत नाही, पण एका केंद्राच्या कपाटातल्या टेप वाचवायला फार जास्त लागणार नाही असा माझा कयास आहे.

हे लवकर करायला हवं, कारण घाईचा पुढचा अवतार दारात उभा आहे. २०२४मध्ये ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज एआयच्या यंत्राकडून पुन्हा घडवून घेतले, घरच्यांची परवानगी आणि मोबदला देऊन. त्याच सुमारास एका तेलुगू चित्रपटात वडिलांचा आवाज न विचारता असाच वापरला म्हणून एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या मुलाला कायदेशीर नोटीस पाठवावी लागली. परवानगी घेतली की नैतिक, नाही घेतली की चोरी, इथवर सगळे मान्य करतील. माझी अस्वस्थता परवानगीनंतरही राहते. मास्तरांचा तो तिसरा पलटा यंत्राने क्षणात काढून दिला असता, तर कंडक्टर पतपेढीवाल्याच्या घरी कशाला गेला असता?

२०२५च्या पावसाळ्यात मी आमच्या ग्रुपवर एक नियम सुचवला. कलावंत गेल्याची बातमी आली तर त्या दिवशी कुणी काही टाकायचं नाही. तेराव्या दिवशी ज्याला वाटेल त्याने चार ओळी लिहायच्या, पण त्यात आपण स्वतः ऐकलेली किंवा बघितलेली एक तरी गोष्ट हवी. पस्तीस जणांनी अंगठा दाखवला. ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी प्रिया मराठे गेली, अडतीस वर्षांची, आणि अर्ध्या तासात ग्रुपवर पणत्याच पणत्या. नियमाची आठवण करून द्यायला मला लाज वाटली. एवढ्या लहान वयात गेलेल्या मुलीपुढे नियम काय सांगायचा.

पण तेराव्या दिवशी रात्री, सगळे विसरलेले असताना, हार्मोनियमवाल्या डॉक्टरांचा मेसेज आला. त्यांची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि प्रियाची मालिका लागली की तिच्यावर तोंडसुख घ्यायची, कारण प्रिया खलनायिका होती. 'ही बया आज काय करतेय बघू' म्हणून म्हातारी सात वाजताच उशीला टेकून बसवायला सांगायची. दिवसभरात तेवढं एकदाच ती आपणहून उठून बसायला तयार व्हायची, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. खाली कुणी हात जोडले नाहीत. एकाने विचारलं, आईंना पेटी आवडायची का हो? आणि मग बराच वेळ ते दोघेच एकमेकांशी बोलत राहिले.